पांढरी वसाहत आणि तिचा पुरावा

रेणवीय क्लोनिंगमध्ये हवे ते जनुक प्लाझ्मिड या छोट्या वर्तुळाकार डीएनएला जोडून ई. कोलाय या जीवाणूत शिरवले जाते. कॅल्शियम क्लोराइडच्या थंडगार द्रावणात ठेवलेल्या पेशींना ४२ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर दिली, की त्यांतल्या काही पेशी हे प्लाझ्मिड आत घेतात. परंतु हे हजारो पेशींमागे एखादीच्याच बाबतीत घडते आणि अशी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली इतरांसारखीच दिसते. म्हणून या तंत्राचा खरा कस तिची ओळख पटवण्यात लागतो.

पहिली चाळणी प्रतिजैविकाची. १९७३ साली स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी वापरलेल्या प्लाझ्मिडमध्ये टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जनुक होते. आज बहुधा अँपिसिलिन वापरतात. ते मिसळलेल्या अगारवर साध्या पेशी मरतात, तर प्लाझ्मिडधारी पेशी बीटा-लॅक्टमेज हे विकर तयार करून अँपिसिलिन मोडतात आणि रात्रभरात त्यांच्या वसाहती नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात. मात्र हे विकर बाहेरही पाझरत असल्यामुळे, बशी उबवणीत जास्त वेळ राहिली तर मोठ्या वसाहतीभोवती प्लाझ्मिड नसलेल्या बारीक वसाहतींचे कडे उगवते. त्या उचलणे म्हणजे मेहनत वाया घालवणे होय.

जी पेशी तगली तिच्यात प्लाझ्मिड आहे, एवढेच यातून कळते. जनुक न जोडताच, त्यासाठी कापलेल्या प्लाझ्मिडची टोके पुन्हा एकमेकांना जुळलेली असू शकतात. हे ओळखण्यासाठी निळ्या-पांढऱ्या रंगाची अत्यंत कल्पक युक्ती योजली जाते. बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराचा एक तुकडा प्लाझ्मिड पुरवते, उरलेला भाग जीवाणू पुरवतो, आणि दोन्ही जुळून आले की ते विकर अगारमधील एक्स-गॅल या रंगहीन द्रव्यापासून निळा रंग निर्माण करते. नवे जनुक नेमके त्या तुकड्याच्या जनुकातच घुसवलेले असल्यामुळे ते बसले की विकर बनत नाही आणि वसाहत पांढरी राहते.

तरीही पांढरा रंग हा अप्रत्यक्ष पुरावाच आहे. जोडणीच्या वेळी डीएनएच्या टोकाचे एखाद-दुसरे अक्षर गळाले तर रिकामे प्लाझ्मिडही पांढरी वसाहत देते, उलट छोटा तुकडा वाचनक्रम न मोडता बसला तर फिकट निळी वसाहतही खरी ठरू शकते. शिवाय जनुक उलट्या दिशेने बसले आहे का, हे रंग सांगत नाही. त्यामुळे निवडक वसाहतींतील प्लाझ्मिड छेदक विकरांनी कापून तुकड्यांची लांबी तपासली जाते किंवा पीसीआरने जनुकाचा शोध घेतला जातो. पण डीएनएचा अनुक्रम वाचून झाल्याशिवाय कोणतीही वसाहत खात्रीची मानता येत नाही.