मुक्या चुका

आमच्या कनेरगांव नाक्याच्या नांवांतच तपासणी आहे. आज मी एका निराळ्या तपासणीविषयीं बोलणार आहें.

संगणकाचा मोठा प्रोग्रॅम शेंकडों तुकड्यांचा असतो. कोणता तुकडा कशापासून व कोणत्या साधनानें तयार करावा, हें एका वेगळ्या फाइलींत लिहितात. १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं केलेलें 'मेक' हें साधन अशीच फाइल वाचून जुळणी करितें. तींत आज्ञेची ओळ टॅबनेंच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजीं साध्या स्पेस दिल्या तर डोळ्यांस फरक दिसत नाहीं, यंत्र मात्र अडून बसतें. नियम बदलावा तर तोंवर डझनभर लोक 'मेक' वापरूं लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून फेल्डमननीं तो तसाच ठेविला. डझनभरांच्या भिडेचा भुर्दंड पुढच्या पिढ्यांस! उलट 'यॅमल' पद्धतीच्या फाइलींत ओळ आंत सरकविण्यास टॅब मुळींच चालत नाहीं.

तरी ह्या चुका बोलक्या. यंत्र ओळीचा आंकडाहि सांगतें. भीति मुक्या चुकांची.

माझा पुतण्या पुण्यास ह्याच कामांत आहे. नोकरी अजून कच्ची. गेल्या दिवाळींत तो ओसरीवर यंत्र घेऊन दोन रात्री जागला. फाइल यॅमलची, नियम तपासणारें साधन तिला निर्दोष म्हणे, पण जुळणी होईना. शेवटीं मीं शाळेंतली रीत काढली : तूं फाइल मोठ्यानें वाच, मी यंत्राचा निरोप पाहतों. तो म्हणाला, "पायथन, तीन दशांश दहा." निरोपांत होतें, ३.१ मिळत नाहीं. निरोपांत आंकडा तोडून छापला असेल, असें तो समजत होता!

पायथनची ३.१० ही आवृत्ति २०२१ सालची, ३.१ ही २००९ ची. अवतरणचिन्हांवांचून लिहिलेला आंकडा यंत्रानें दशांश अपूर्णांक मानिला व शेवटचें शून्य गाळलें. तें शून्य निरर्थक, असें मीं स्वतः पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिलें आहे! अवतरणचिन्हें घालतांच जुळणी झाली.

ह्याहून मुकी चूक 'मेक'च्या यादींतली. एखादा तुकडा कशावर अवलंबून आहे, हें लिहावयाचें राहिलें, तर दुरुस्ती करूनहि जुनाच तुकडा जोडला जातो आणि निरोप कांहींच येत नाहीं. संशय आल्यास आधींचे तयार तुकडे पुसून सारी जुळणी मुळापासून करावी. मग प्रोग्रॅम निराळा वागला, तर दोष यादींत शोधावा.