पटावरची हजेरी आणि पाटीवरची अक्षरे

बीड शहरातील एखाद्या जुन्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेत जूनच्या मध्यास पहिलीचा वर्ग भरतो, तेव्हा त्या एका खोलीत किती निरनिराळी घरे येऊन बसलेली असतात, हे पट वाचून कळत नाही. कुणी आईला ‘याडी’ म्हणणारे, तांड्यावरून शहरात आलेल्या कुटुंबातले मूल असते. कुणाच्या घरी दखनी बोलली जाते. कुणी वडार वा पारधी वस्तीतून आलेले असते. कुणाचे वडील मोंढ्यात हमाली करतात, तर कुणाचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. या सर्वांपुढे एकच पुस्तक, एकच पाठ आणि वर्षाअखेरीस एकच मोजपट्टी ठेवली जाते. मोजपट्टीत मूल कमी भरले की ‘घरी वातावरण नाही’ असा शेरा मारून प्रकरण मिटविले जाते. वस्तुतः विचाराला सुरुवात व्हावयास हवी ती येथूनच.

ऐपत असलेल्या पालकांनी आपली मुले केव्हाच इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत नेली. सार्वजनिक शाळेत उरली ती बहुतांशी दुसरा पर्याय नसलेल्या घरांची मुले. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात अक्षर ओळखणारी ही पहिलीच पिढी. शाळेत जे शिकविले जाईल तेवढेच त्यांचे. शिकवणी नाही, घरी अभ्यास घेणारे कुणी नाही. म्हणून या शाळांच्या गुणवत्तेचा प्रश्न हा त्या मुलांच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न ठरतो.

माध्यमाचा विसरलेला धडा

परक्या भाषेतून शिकण्याची किंमत काय असते, हे मराठवाड्याला कुणी सांगावयास नको. निजामी राजवटीत प्राथमिक पायरी ओलांडताच उर्दू माध्यम पुढे उभे राही. मराठी घरातील मुलाची बुद्धी विषय समजण्याआधी भाषेशी झगडण्यातच खर्ची पडे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेसारख्या राष्ट्रीय शाळांना या प्रदेशाच्या इतिहासात जे मानाचे स्थान आहे, त्याचे एक कारण हेही आहे. तेथे अध्यापन करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे जन्माने कानडी मुलखातले. परंतु मुलाने आपल्या भाषेत शिकावे, हे तत्त्व त्यांना परके नव्हते.

१९४८ साली ती राजवट संपली. मात्र जो न्याय मराठी मुलासाठी मागितला गेला, तोच आज गोरमाटी वा पारधी बोलणाऱ्या मुलाला लागू पडतो, याचा विसर पडला. ‘आ आईचा’ हे वर्गातील निम्म्या मुलांना सहज कळते. उरलेल्यांना आधी ‘आई’ म्हणजे आपली ‘याडी’ हे कळावे लागते. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. प्रत्येक बोलीची स्वतंत्र शाळा काढणे शक्य नाही, हे मान्य. पण पहिले सहा महिने घरच्या भाषेतील गोष्टी, गाणी व शब्द वर्गात येऊ देणे आणि त्यांच्या आधाराने प्रमाण मराठीकडे नेणे, याला फारसा खर्च लागत नाही. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलाच्या अंगणातून शिक्षण सुरू केले, ते याच विचाराने.

सरासरी मूल नसतेच

दुसरा दोष अध्यापनाच्या रीतीत आहे. चौथीचे पुस्तक चौथीच्या वर्गात शिकवून पूर्ण करावे, ही शिक्षकाकडून अपेक्षा. पण त्या वर्गात काही मुले जोडाक्षरांपाशी अडलेली असतात, काहींना हातच्याची वजाबाकी येत नाही, तर काही पाचवीचेही पुस्तक वाचू शकतात. शिक्षक मधल्या कुणा काल्पनिक मुलाला शिकवितो आणि मागे राहिलेले मूल रोज थोडे अधिक मागे पडते.

यावर मुंबईतच एक प्रयोग झाला. १९९४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन त्या त्यांना अक्षर व अंक यांच्या मूळ पायरीपासून शिकवीत. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या उपक्रमाची पारख केली, तेव्हा लाभ झाला तो प्रामुख्याने सर्वांत मागे असलेल्या मुलांना, असे आढळले. याच अभ्यासकांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात लाभही बराच ओसरला, हेही त्यांनी नोंदविले आहे. मुलाला त्याच्या पायरीवर भेटावे आणि ते काम मध्येच सोडू नये, असा याचा दुहेरी बोध.

सहामाहीपुरती शाळा

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ऊसतोडणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे निघाले की मूलही निघते. म्हणजे त्याची शाळा जून ते दिवाळी. दुसरे सत्र उसाच्या फडात, धाकट्या भावंडाला सांभाळण्यात जाते. अशा मुलाकडून वर्षाच्या अभ्यासक्रमाचा हिशेब मागणे हा निव्वळ अन्याय होय.

उपाय योजले गेले नाहीत असे नाही. ‘जनार्थ’ने साखरशाळा चालविल्या, शासनाने गावोगावी हंगामी वसतिगृहे काढली, शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे ‘शांतिवन’ने या मुलांना आसरा दिला. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली. परंतु वसतिगृह उघडण्यास उशीर झाला, तर मूल तोवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलेले असते. टोळ्या निघण्यापूर्वी आजी-आजोबांकडे वा वसतिगृहात मुलाची सोय लावणे, हे या जिल्ह्यात शालेय वेळापत्रकाइतकेच महत्त्वाचे काम मानले पाहिजे.

कागदावरची प्रगती

राज्याने २२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हाती घेतले. केंद्राने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ आणून तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व गणित यावे, असे ध्येय ठेवले. ध्येये उत्तम आहेत. धोका आहे तो हा की, शाळा ‘प्रगत’ ठरली नाही तर खुलासा मागितला जाईल या भयाने मूल कागदावर प्रगत होते आणि पाटीवर तसेच राहते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पण पाचवीत नापास झालेले मूल बहुधा दुसरीतच अडलेले असते; परीक्षा ते फक्त उशिरा सांगते.

शिक्षकाची बाजूही लक्षात घ्यावयास हवी. कायद्याने जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण एवढीच अशैक्षणिक कामे त्याच्यावर टाकता येतात. तथापि त्यांबरोबर माहितीचे तक्ते, छायाचित्रे व अहवाल यांत जाणारे तास अखेर मुलांच्याच वाट्याचे असतात. पर्यवेक्षकाने दप्तर तपासण्याऐवजी चार मुलांना जवळ बसवून वाचावयास लावले, तर शाळेचे खरे चित्र अर्ध्या तासात दिसेल. आणि खरे सांगणाऱ्या शिक्षकाला नोटिशीऐवजी मदत मिळाली, तर ते चित्र बदलेलही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. तिला देशभर कायद्याचे रूप येण्यास १२७ वर्षे लागली. मूल आता पटावर आले आहे, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु पटावर आलेले मूल वाचता न येताच शाळेबाहेर पडले, तर त्याच्या हाती पुन्हा कोयताच येतो. आणि त्या वेळी शाळेच्या दप्तरात त्याची हजेरी पूर्ण भरलेली असते.