घोड्यांच्या वाटेवरून

पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. सायकली ताब्यात घेतल्यावर आम्ही दोघं आधी तिथे गेलो. जून २०१३ ची रेघ नवऱ्याच्या डोक्याच्या बरीच वर होती. त्या वेळी डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरवर गेली होती, आणि त्याच्याआधी एवढं पाणी आलं होतं ते १५०१ साली. पुढचे आठ दिवस जिच्या अगदी कडेकडेने जायचं, तिची ताकद पहिल्याच संध्याकाळी बघून घेतली हे बरं झालं.

जर्मनीच्या सीमेवरचं हे गाव तीन नद्यांच्या संगमावर आहे. दलदलीच्या मातीतून आलेली इल्त्स काळपट, आल्प्सचं बर्फ वितळून आलेली इन दुधाळ हिरवी आणि मधली डॅन्यूब. जुलैत तिन्ही रंग बराच वेळ शेजारीशेजारी वाहताना दिसतात. वर्षभराची सरासरी धरली तर इन डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते, तरी संगमानंतर नाव राहतं ते डॅन्यूबचंच.

पासाऊ ते व्हिएन्ना हे अंतर सायकलवाटेने सुमारे ३२० किलोमीटर आहे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोवेलो ६’ या लांबलचक मार्गाचा हा सर्वांत गजबजलेला तुकडा. लहान मुलांना मागच्या गाडीत बसवून निघालेले आईबाप इथे भेटतात, सत्तरीतली जोडपीही भेटतात. आम्ही दोघं साठीच्या अलीकडचे. पुण्यात सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर चालवायची सवय, एवढंच भांडवल. ते पुरलं, कारण या वाटेला चढ जवळजवळ नाहीच. तीनशे किलोमीटरमध्ये नदी जेमतेम सव्वाशे-दीडशे मीटर उतरते आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर असतो. म्हणून जवळपास सगळे प्रवाहाच्या दिशेनेच जातात.

काठावर किलोमीटरचे फलक आहेत आणि त्यांचे आकडे उतरत जातात. पासाऊपाशी २२२६, पुढे २२००, २१५०. नदी उगमापासून मोजत असतील असं मी धरून चालले होते. डॅन्यूब मोजली जाते ती रुमानियात, काळ्या समुद्राला मिळते तिथून. पहिल्या दिवशी मला याचा उलगडा होईना. ज्यांनी ही नदी मोजली ते समुद्राकडून वर येणाऱ्या जहाजांचा हिशेब ठेवत असावेत, असं लक्षात आलं तेव्हा पायाखालच्या वाटेकडेही मी वेगळ्या नजरेने बघू लागले.

ही वाट सायकलसाठी झालेलीच नाही. तिचं स्थानिक नाव ट्रेपेलवेग, म्हणजे नावा ओढायची वाट. वाफेची जहाजं येण्याआधी मीठ, लाकूड, माणसं प्रवाहाबरोबर खाली जात. ते सोपं होतं. उल्मसारख्या वरच्या गावांतून निघालेल्या सपाट बुडाच्या होड्या तर व्हिएन्नाला पोचल्या की मोडून त्यांचं लाकूड विकत, कारण रिकामी होडी परत आणणं परवडत नसे. पण हंगेरीचं धान्य, खालच्या मुलखातली दारू वर न्यायची तर दुसरा उपाय नव्हता. नावा एकामागे एक बांधायच्या, त्यांना जाड दोर लावायचे आणि काठावरून घोड्यांनी ओढायच्या. मोठ्या तांड्याला चाळीस-पन्नास घोडी जुंपत. प्रत्येकावर किंवा दोघांत एक स्वार. जिथे कडा थेट पाण्यात उतरे तिथे घोडी नावेतून पलीकडच्या काठावर न्यायची, पुन्हा जुंपायची, पुन्हा ओढायचं. व्हिएन्नाहून लिन्झला पोचायला आठवडे लागत. प्रवाहाने नाव खेचली आणि दोर वेळेवर तोडला नाही, तर घोडी स्वारांसकट पाण्यात जात.

१८२९ मध्ये व्हिएन्नात डॅन्यूबवरच्या आगबोटींची कंपनी स्थापन झाली, आणि हळूहळू घोडी गेली. वाट मात्र राहिली. ती आजही जलमार्गाची देखभाल करणाऱ्यांची वाट आहे. त्यांच्या गाड्या सोडल्या तर इतर मोटारींना तिथे मज्जाव आहे. १९८० च्या दशकात तिच्यावर सायकलींना मोकळीक मिळाली, फलक लागले, आणि उतरती कळा लागलेल्या नदीकाठच्या खाणावळींना नवी गिऱ्हाइकं मिळाली. जी वाट वर चढण्यासाठी बांधली होती तिच्यावरून आज हजारो लोक फक्त खाली जातात. आमच्या पायांना मिळालेला सपाटपणा त्या घोड्यांसाठी केलेला होता, हे कळल्यावर मला रोज सकाळी त्यांची आठवण होत राहिली.

श्लोगेनला बोहेमियाच्या ग्रॅनाइटने नदीला जवळजवळ संपूर्ण उलटं वळवलं आहे. तिथे डाव्या काठावर वाटच संपते. सायकलसकट छोट्या होडीत बसायचं आणि ती नदी न ओलांडता काठाकाठानेच पुढे नेऊन सोडते. सायकली नेणाऱ्या होड्या ठिकठिकाणी आहेत. घंटा वाजवली की नावाडी येतो.

याच टप्प्यात आमचं भांडण झालं. हा नेहमीच्या वेगाने पुढे गेला, मी एका फाट्यावर चुकीकडे वळले आणि पाऊण तास आम्ही एकमेकांना शोधत होतो. रागापेक्षा भीतीच जास्त होती, पण तोंडातून राग बाहेर पडला. रात्री बोललो आणि ठरवलं, की जो हळू चालवतो तो पुढे. दुसऱ्या दिवसापासून मी पुढे राहिले. दोघांनी लांबचं चालवायचं असेल तर हा नियम पहिल्याच दिवशी करावा, असं मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. मागच्याने वेग कमी करायला फार लागत नाही. पुढे गेलेल्याला गाठायला मागच्याचा दम निघतो, आणि दोघांतला एक सगळा प्रवास दुसऱ्याची पाठ बघत करतो.

लिन्झच्या पुढे माउटहाउझेन लागतं. काठावरचं टुमदार गाव सोडून टेकडी चढावी लागते. आम्ही सायकली हातात धरून चढलो. १९३८ मध्ये नाझींनी इथे छळछावणी उभारली ती ग्रॅनाइटच्या खाणीसाठी. खाण व्हिएन्ना शहराच्या मालकीची होती, तिचा दगड त्या शहराच्या रस्त्यांना लागलेला होता. छावणीतले कैदी पाठीवर दगड घेऊन १८६ पायऱ्या चढत. ही छावणी आणि तिच्या उपछावण्या मिळून सुमारे १,९०,००० माणसं इथे डांबली गेली; त्यांतली किमान ९०,००० मेली. ५ मे १९४५ रोजी अमेरिकन सैनिक आले. वरच्या कडेवरून त्या पायऱ्या दिसतात. आम्ही दोन तास होतो. उतरताना काही बोललो नाही, आणि त्या दिवशी पुढे चालवायचं रद्द केलं. नकाशात हे ठिकाण वाटेपासून थोडं बाजूला आहे, म्हणून बरेच जण सरळ पुढे जातात. तसं सरळ पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ग्राइनजवळची घळ नावाड्यांच्या मृत्यूंसाठी कुप्रसिद्ध होती. खडक, भोवरे, अरुंद पात्र. एकोणिसाव्या शतकात खडक सुरुंगाने उडवले आणि उरलेलं काम १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या इब्स-पेर्झेनबॉइगच्या धरणाने केलं. आज तिथे पाणी तळ्यासारखं उभं असतं. पासाऊ ते व्हिएन्ना अशी दहा जलविद्युत केंद्रं आहेत. त्यांच्या भिंतींवरून सायकलने काठ बदलता येतो ही सोय खरी, पण वाहती नदी बघायला आलेल्या माणसाला बराच काळ साठलेलं पाणीच दिसतं.

म्हणून मेल्कच्या खाली वाखाऊचं खोरं लागलं की फरक कानांना आधी कळतो. नदी आवाज करते. इथेही धरणाचा बेत होता. लोकांनी विरोध केला आणि तो मागे पडला. मेल्क ते क्रेम्स हे छत्तीस किलोमीटर आम्ही मुद्दाम दोन दिवसांत केले. डोंगरउतारावर दगडी बांध घालून लावलेले द्राक्षमळे, खाली जर्दाळूच्या बागा. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात कैद होता, ते अवशेष वर दिसतात. पण आमचा जीव जर्दाळूत गुंतला. आपल्याला सुका माहीत; तिथे जुलैत झाडावरून उतरवलेला, रस ओघळणारा मिळतो. तो अख्खा पिठाच्या पारीत घालून गोळा पाण्यात उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. बी काढून तिथे साखरेचा खडा ठेवायची पद्धत आहे. खाणावळीतल्या आजींच्या बोटांनी पारी मिटताना बघून मला मोदक वळणारी माझी सासू आठवली.

क्रेम्सनंतरचे दोन दिवस सपाट, उन्हाचे आणि भरभर गेले. व्हिएन्नात पूर टाळण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात नदीला समांतर दुसरं पात्र खोदलं, आणि निघालेल्या मातीतून एकवीस किलोमीटर लांबीचं बेट तयार केलं. आम्ही संध्याकाळी त्या बेटावर सायकली आडव्या टाकून बसलो. समोरून एक भरलेली बार्ज प्रवाहाविरुद्ध वर चालली होती, पाण्याला टेकलेली. इंजिनाची धडधड जमिनीतून जाणवत होती. हा घड्याळ लावून बसला. एका फलकापासून पुढच्या फलकापर्यंत, एक किलोमीटर वर जायला, तिला सात मिनिटं लागली.