शाई किती, हे माध्यमच ठरवते

चौकातील भव्य फलक उठून दिसावा, तर शाई सढळ हाताने वापरावी, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया प्रत्येकी १०० टक्के पडल्या, तर एकाच जागी ४०० टक्के शाई साचते. बहुतेक माध्यमांना ती पेलवत नाही. कागद फुगून सुरकुततो. व्हिनाइलवर सॉल्व्हंट शाई जादा झाल्यास ती लवकर वाळत नाही. गुंडाळी केल्यावर थर एकमेकांना चिकटतात आणि मागचा गोंदही सैल पडू शकतो. मागून प्रकाश पडणाऱ्या फलकांना मात्र अधिक शाई लागते. अन्यथा उजेडात रंग फिके वाटतात.

यावर उपाय म्हणजे चाचणीपट्टी. प्रत्येक शाईचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत छापले, की एका टप्प्यानंतर रंगाचा गडदपणा वाढेनासा होतो. तिथेच त्या शाईची मर्यादा आखावी. त्यानंतर चारही शायांची एकत्रित मर्यादा ठरवून रंगांचे प्रोफाइल तयार केले जाते. माध्यम बदलले, की ही चाचणी पुन्हा करणे इष्ट. चाचणीत जाणारा थोडा वेळ आणि माध्यमाचा तुकडा वाया जात नाही. वाया जातो तो घाईने छापलेला अख्खा फलक.