छपरी, मवाली, बिनधास्त

‘छपरी’ हा शब्द सध्या तरुणांच्या तोंडी फार आहे. केसांना सोनेरी रंग, अंगात भडक शर्ट, मोटारसायकलचा कानठळ्या बसवणारा आवाज. असा मुलगा दिसला की झाला छपरी! माझ्या पिढीला छपरी म्हणजे घराला लागून काढलेला उतरता आडोसा. तिथं शेळी बांधायची, पावसाळ्यासाठी सरपण रचायचं, उन्हाळ्यात बाज टाकायची. आजच्या शब्दात ना शेळी आहे ना सरपण. पण छपराखाली राहणाऱ्याविषयीची तुच्छता मात्र मला त्यात स्पष्ट ऐकू येते. ‘गावठी’चंही तसंच. माणूस गावठी म्हटला की त्याची किंमत कमी होते, अंडं गावठी म्हटलं की वाढते.

बोलीतल्या अशा शब्दांचे अर्थ आपोआप घसरत नाहीत. माणसांची पायरी ठरते आणि तीच शब्दाला चिकटते. याचं फार जुनं उदाहरण म्हणजे ‘मवाली’. हा अरबी शब्द. ‘मौला’चं अनेकवचन मवाली. गंमत अशी की, मौला म्हणजे धनीही आणि धन्याच्या आश्रयाला असलेला माणूसही. उमय्या खलिफांच्या काळात, म्हणजे इ. स. 661 ते 750 या वर्षांत, इराणी आणि इतर अरबेतर लोक मुसलमान होत, तेव्हा त्यांना एखाद्या अरब टोळीचा आश्रय घ्यावा लागे. ते मवाली. धर्म एक झाला, पण बरोबरी मिळाली नाही. अनेक ठिकाणी धर्म स्वीकारल्यावरही त्यांच्याकडून जिझिया घेतला जाई. पुढं उमय्यांची सत्ता उलथली, त्यात या नाराज मवालींचा वाटा मोठा होता.

उर्दूत ‘अहाली-मवाली’ म्हणजे बड्या माणसाभोवतीचा गोतावळा, आश्रित. आपल्याकडे येईतो या शब्दाचा धनी सुटला आणि उरला तो नुसता नाक्यावर उभा राहणारा, उनाड, गुंड. 1983 साली याच नावाचा जितेंद्रचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. आणि तिकडे कव्वालीत ‘मौला’ म्हणताना गाणारा दोन्ही हात वर करतो. ‘मौलाना’ म्हणजे ‘आमचे मौला’. मौलाना आणि मवाली एकाच घरातले, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने पाहतात!

उलट दिशेने गेलेला शब्द म्हणजे ‘बिनधास्त’. अरबीतली दहशत मराठीत येऊन ‘धास्ती’ झाली आणि मराठीनं तिला ‘बिन’ लावून हा शब्द घडवला. माझ्या लहानपणी ‘ती पोरगी बिनधास्त आहे’ हे वाक्य आवाज खाली करून बोललं जायचं, आणि त्यातलं कौतुक शून्य असायचं. 1999 साली चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ आला. त्यात दोन मैत्रिणींची गोष्ट आणि पडद्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच. आज आई मुलीला परगावी शिकायला पाठवताना म्हणते, ‘जा बिनधास्त.’ मुली घराबाहेर पडल्या, आणि त्यांच्याबरोबर शब्दाची लाजही गेली. तो आता हिंदीतही मजेत वावरतो. तिकडे मूळची दहशत मात्र बातम्यांतून रोज भेटते.

कवीला याचा त्रास असा की, एखादा शब्द हातातून निसटतो. टपोरी कळी, टपोरे डोळे, पावसाचे टपोरे थेंब ही आमची हक्काची मिळकत. 1995 मध्ये ‘रंगीला’तला आमिर खानचा मुन्ना घरोघरी पोहोचल्यावर कविसंमेलनात टपोरी कळी फुलवायची, तर आधी मागच्या रांगेतल्या पोरांकडे बघावं लागतं.

आणि ‘भाई’! शेतकरी कामगार पक्षाच्या व्यासपीठावर भाई उद्धवराव पाटील म्हटलं की सभा सावरून बसायची. पुलंना जवळची माणसं भाई म्हणत. आम्हा मुसलमानांत तर नावापुढे भाई लावणं ही साधी रीत, दूधवाल्यापासून मामेभावापर्यंत सगळ्यांना. मग मुंबईतल्या टोळ्यांच्या बातम्या आल्या, सिनेमे आले आणि ‘भाईचा फोन’ या दोन शब्दांनी बिल्डर घामाघूम होऊ लागले. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर चारचौघांत एखाद्याला ‘भाई’ अशी हाक मारली की शेजारचा माणूस वळून बघायचा. त्या वर्षांत माझ्या ओळखीच्या कित्येकांनी दुकानाच्या पाटीवरचं भाई काढून नुसतं आडनाव ठेवलं.

हल्ली वारं पुन्हा फिरलेलं दिसतं. परवा एसटीत दोन कॉलेजच्या मुली एकमेकींना भाई म्हणत होत्या. ‘भाई, खिडकी माझी आहे,’ असं एकीनं दरडावलं, आणि दुसरी भाई मुकाट्यानं सरकली.