तंटा मिटविण्याची पदवी : जुन्नर-आंबेगावात पोट भरेल काय?

मालात खोट आली तर ती पुढच्या हंगामात भरून निघते. भागीदारीत बिनसले तर दुकानही जाते आणि नातेही. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांतील पुष्कळ व्यवहार आजही शब्दावर चालतात. उधारी, गाळ्याचे भाडे, कामाची आगाऊ रक्कम, गाडीभाडे यांवरून वाद होतात आणि वर्षानुवर्षे तारखा पडत राहतात.

असे वाद मिटविणे हा आता विद्यापीठात शिकविला जाणारा विषय आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात यासाठी 2004 पासून नेल्सन मंडेला यांच्या नावाचे केंद्र आहे. प्रश्न असा की, हे शिकलेल्या आपल्या तरुणाने गावी येऊन करावयाचे काय?

पंच, लवाद आणि मध्यस्थ

प्रथम हा फरक ध्यानात घ्यावा. पंच वजन खर्च करून समजूत घालतो. लवाद 1996 च्या कायद्याप्रमाणे निवाडा देतो व तो दोघांना बांधतो. मध्यस्थ निवाडा देतच नाही; दोन्ही बाजूंना बोलते करून तोडगा त्यांच्याच तोंडून काढतो. गावपातळीवर समेट घडविण्याचा मोठा प्रयत्न राज्यात 2007 साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने केला. व्यापारी वादात मात्र समजुतीबरोबर हिशेब आणि कागदही लागतात.

कायद्याचा आधार

लोकअदालतीत तडजोड झाली तर ती हुकूमनाम्यासारखी मानली जाते, तिच्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरणही तेथे मिटते. व्यापारी स्वरूपाचा, 3 लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा दावा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीकडे जाणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले.

कारागिरांनी 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा विसरू नये. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही.

2023 च्या मध्यस्थी कायद्याची काही कलमे 9 ऑक्टोबर 2023 पासून अमलात आली. सर्व कलमे एकदम लागू झालेली नाहीत. म्हणून कोणते कलम चालू आहे हे वकिलाला विचारूनच पुढे जावे.

मग पैसे कोण देणार?

लोकअदालतीत फी लागत नसताना सल्लागाराला पैसे कोण देईल, ही शंका रास्त आहे. आमच्या मते कमाई भांडण मिटविण्यापेक्षा ते होऊ न देण्यात आहे. समजा, दोन भावांनी मंचरला वर्कशॉप काढले. भांडवल कोणाचे किती, घरखर्चाची उचल किती, एकाला बाहेर पडावयाचे असेल तर हिशेब कसा, हे मुद्दे आधी ठरवून देणे हे सल्लागाराचे काम. करारनामा वकिलाने करावा. तसेच बिले, पोहोच व उधारीच्या नोंदी कशा ठेवाव्यात याचे शिबिर व्यापारी संघटनेला, पतसंस्थेला किंवा बचत गटाला घेऊन देता येईल.

दुसरे काम चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत आहे. 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते आणि मालकाला कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. आपल्या शिकलेल्या मुलींनीही या कामाचा विचार करावा.

सुरुवात कशी करावी

पदवीबरोबर मध्यस्थीचे 40 तासांचे प्रशिक्षण घ्यावे. न्यायालयाच्या यादीत येण्याच्या अटी निराळ्या असतात; त्या जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात, तालुका विधी सेवा समितीकडे विचाराव्यात. एखाद्या धंद्याचा हिशेब नीट शिकून घ्यावा, कारण टोमॅटोच्या क्रेटचा भाव न समजणाऱ्यापुढे शेतकरी मन मोकळे करणार नाही.

पथ्ये तीन पाळावीत. फी दोन्ही बाजूंकडून सारखी घ्यावी, वसुलीवर टक्केवारी घेऊ नये. ऐकलेले बाहेर बोलू नये. ज्या वादात आपला नातलग किंवा आपली उधारी आहे, तो हाती घेऊ नये.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. आपल्या बाजारात घेणारा एका समाजाचा, देणारा दुसऱ्या समाजाचा असतो. आपला तरुण केवळ आपल्यांचा माणूस ठरला तर त्याचे काम मोहल्ल्यापुरते राहील. शेतकरी, अडत्या आणि कारागीर तिघेही ज्याच्यासमोर निर्धास्त बसतील, त्याचाच जम बसेल.