अक्कलदाढ काढण्यापूर्वीं

अक्कलदाढ काढण्याचें ठरलें, कीं मनुष्य दंतवैद्यासमोर सहसा कांहीं विचारीत नाहीं. "डॉक्टर, काय तें लवकर उरका," एवढेंच म्हणतो. दिवस नक्की होतो, तो उठतो, दाराच्या कडीला हात लावतो आणि मग हळूच मागें वळून विचारतो, "फार दुखेल का हो?" त्या एका प्रश्नामागें आणखी पांचसात प्रश्न उभे असतात, पण ते विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. घरीं गेल्यावर शेजारीपाजारी त्यांचीं उत्तरें देतात आणि तीं ऐकून त्याची उरलीसुरली झोपहि उडते. आज त्याच प्रश्नांविषयीं मी बोलणार आहें.

प्रौढ मनुष्याच्या तोंडांत एकंदर ३२ दांत असतात. त्यांपैकीं अगदीं मागच्या चार दाढा सर्वांच्या शेवटीं, बहुधा सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान येतात. जाणतेपण येण्याचें वय तेंच, म्हणून त्यांस अक्कलदाढा म्हणतात. अडचण अशी, कीं तोंवर जबड्यांतील जागा इतर दांतांनीं व्यापलेली असते. मग ही दाढ आडवी वळते, पुढच्या दाढेला टेकते, किंवा अर्धी हिरडीखालीं व अर्धी बाहेर अशी अडकून राहते. तिच्यावरील हिरडीच्या पदराखालीं अन्नाचे कण सांचतात, तेथें जंतु वाढतात, हिरडी सुजते, गाल फुगतो आणि तोंड उघडणें कठीण होतें. हें दुखणें आजचें नव्हे. जबड्याच्या शेवटच्या दांतापाशीं मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणें हीं लक्षणें असलेल्या विकाराला सुश्रुतसंहितेंत 'अधिमांसक' असें नांव आहे.

तेव्हां पहिला प्रश्न हा, कीं ही दाढ काढलीच पाहिजे काय? हा प्रश्न विचारण्यांत डॉक्टरांचा मुळींच अपमान नाहीं. अक्कलदाढ सरळ आली असेल, किडली नसेल आणि तिचा त्रास नसेल, तर केवळ अक्कलदाढ आहे म्हणून ती काढण्याचें कारण नाहीं. निरोगी अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढूं नयेत, असा स्पष्ट सल्ला इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला २००० सालीं देण्यांत आला. परंतु सूज वारंवार येत असेल, ती दाढ अथवा तिच्या शेजारची किडूं लागली असेल, किंवा मुळाशीं गांठ झाली असेल, तर दिरंगाई करूं नये. औषधानें सूज ओसरते व रोग गेला असें वाटतें. पण दाढ तशीच आडवी असते आणि सूज पुन्हा येते.

दुसरी भीति डोळ्यांची. वरची दाढ काढली, कीं नजर अधू होते, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. वस्तुस्थिति अशी, कीं डोळ्यांनीं पाहण्याचा ज्ञानतंतु वेगळा, आणि दांतांची संवेदना मेंदूकडे नेणारा ज्ञानतंतु वेगळा. मात्र दांतांकडे येणाऱ्या ज्ञानतंतूच्याच दुसऱ्या शाखा कपाळाकडे व डोळ्याभोंवतीं जातात. त्यामुळें दाढेची कळ कधीं कधीं डोळ्यामागें भासते. या समजुतीचें मूळ कदाचित् तेथें असावें. दाढ काढल्यानें दृष्टि जात नाहीं, आणि अक्कलहि जात नाहीं.

आतां दुखण्याविषयीं. १८४४ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें होरेस वेल्स नांवाच्या दंतवैद्यानें नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. वेदनेवांचून दांत काढतां यावा, याचा ध्यास या व्यवसायाला तेव्हांपासूनचा आहे. आज बहुधा लिग्नोकेन वापरतात. तें १९४३ सालीं स्वीडनमध्यें तयार झालें. सुईचें टोचणें क्षणभर जाणवतें. मग ओंठ जड होतो. पुढें दाब कळतो, हाड कोरण्याचा आवाज ऐकूं येतो. कळ मात्र येऊं नये. आलीच तर सोसूं नका. हात वर करा, आणखी औषध देतां येतें. केवळ तेवढा भाग बधिर करावयाचा असेल, तर उपाशी जाऊं नये, हलकें खाऊन जावें. पूर्ण भूल द्यावयाची असेल तर मात्र सांगितलेले तास कडकडीत उपास पाळावा.

काळजी करण्याजोगी खरी गोष्ट निराळीच आहे, आणि ती फारसें कोणी विचारीत नाहीं. खालच्या जबड्याच्या हाडांतून ओंठाकडे व हनुवटीकडे जाणारा एक ज्ञानतंतु आहे, आणि जिभेचा दुसरा एक आंतल्या बाजूनें जवळूनच जातो. दाढेचीं मुळें त्याला खेटून असल्यास तो दुखावण्याचा संभव असतो. मग ओंठ किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांची ही बधिरता कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत जाते, क्वचित् कायम राहते. म्हणून क्ष-किरणांचें चित्र समोर धरून विचारा, "मुळें ज्ञानतंतूपासून किती दूर आहेत?" फारच निकट असल्यास कधीं कधीं दाढेचा वरचा भाग तेवढा काढून मुळें जागींच ठेवतात.

तुम्हींहि कांहीं सांगितलें पाहिजे. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा विकार, गर्भारपण, एखादें औषध न सोसणें, हाडांच्या ठिसूळपणावरील उपचार, यांपैकीं कांहीं लपवूं नका. रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालूं असेल तर तें आपल्या मनानें थांबवूं नका. त्यांतून दांताच्या दुखण्याहून मोठें संकट ओढवूं शकतें.

दाढ निघाल्यावर त्या खळग्यांत रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचें झांकण. म्हणून दिलेली कापडाची घडी अर्धा पाऊण तास दाबून धरावी. पहिला दिवसभर चूळ भरूं नये, जोरानें थुंकूं नये, नळीनें ओढून पिऊं नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानें हळूच गुळण्या कराव्यात. मऊ भात, पेज, खीर यांवर दोनतीन दिवस सहज निघतात. तंबाखू, विडी व मिशरी वर्ज्य. सूज दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं वाढते व मग उतरते, त्यानें घाबरूं नये. परंतु तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कळ कानापर्यंत जाऊं लागली व तोंडाला दुर्गंधि आली, तर गुठळी निघून हाड उघडें पडलें असें समजून डॉक्टरांकडे जावें. रक्त थांबत नसेल, ताप येत असेल, किंवा सूज गळ्याकडे उतरून गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर रात्रीची वेळहि पाहूं नये.

श्रोतेहो, इतकें ऐकूनहि आदल्या रात्रीं धास्ती वाटेलच. तेव्हां एक कागद घ्या, मनांतील प्रश्न ओळीनें लिहा, क्षुल्लक वाटेल तोहि लिहा, आणि कागद खिशांत ठेवा. दुसऱ्या दिवशीं खुर्चींत बसण्याआधीं तो डॉक्टरांच्या हातीं द्या. दाराच्या कडीला हात लागेपर्यंत थांबूं नका.